गॅरंटी आणि वॉरंटी : शब्द जवळचे, जबाबदारी वेगळी

पनवेल असो, भिवंडी असो की मालेगाव, आपल्या बाजारात दिवसभर जे इंग्रजी शब्द कानावर पडतात त्यांत 'गॅरंटी' आणि 'वॉरंटी' हे दोन हमखास असतात. गिऱ्हाईक कापड चाचपून विचारते, "रंगाची गॅरंटी आहे ना?" दुकानदार सांगतो, "फुल गॅरंटी!" शिलाई मशीन विकणारा वॉरंटी कार्ड हातात ठेवतो. बँकेचा साहेब म्हणतो, "दोन गॅरंटर आणा." तिन्ही ठिकाणी आपण मान डोलावतो. परंतु या तिन्ही ठिकाणी उभी राहणारी जबाबदारी एकसारखी नाही. पहिल्या ठिकाणी फार तर साडी बदलून द्यावी लागेल. शेवटच्या ठिकाणी सही करणाऱ्याचे राहते घर जाऊ शकते. म्हणून या दोन शब्दांचा अर्थ आज नीट समजून घेऊ.

मूळ एकच

दिसायला वेगळे असले तरी हे दोन शब्द एकाच घरातले आहेत. इ.स. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या फ्रेंच बोलणाऱ्या लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यांच्या बोलीत जे काही शब्द 'व' ने सुरू होत, तेच शब्द पॅरिसकडच्या फ्रेंचमध्ये 'ग' ने सुरू होत. इंग्रजीने पुढे दोन्ही रूपे घेतली आणि दोघांना वेगवेगळे काम दिले. वॉर्ड आणि गार्ड, वॉर्डन आणि गार्डियन या अशाच जोड्या आहेत. वॉरंटी आणि गॅरंटी ही त्यांतलीच एक जोडी. पोलिसांचे 'वॉरंट' हेसुद्धा याच कुटुंबातले. सर्वांच्या मुळाशी रक्षण करणे, खात्री देणे हा अर्थ आहे.

असे आपल्या भाषांतही घडले आहे. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तेथे 'ज़ामिन' म्हणजे दुसऱ्यासाठी उभा राहणारा माणूस आणि 'ज़मानत' म्हणजे त्याने घेतलेली जबाबदारी. मराठीत आल्यावर 'जामीन' हा शब्द माणसालाही लागला आणि कोर्टातून सुटण्यालाही लागला. मग माणसासाठी 'जामीनदार' हा आणखी एक शब्द करावा लागला. शब्द एका घरातून दुसऱ्या घरात गेला की त्याचे काम बदलते, हे आपण लक्षात ठेवावे.

गॅरंटी : तिघांचा करार

आपल्या देशात करारांसाठी १८७२ चा भारतीय करार कायदा आहे. त्याच्या कलम १२६ मध्ये गॅरंटीच्या कराराची व्याख्या दिली आहे. तिसऱ्या माणसाने आपले देणे चुकवले नाही, तर ते मी चुकवीन, असे वचन म्हणजे गॅरंटी. यात नेहमी तीन माणसे असतात : पैसे किंवा माल देणारा धनको, घेणारा मूळ ऋणको आणि मध्ये उभा राहणारा जामीनदार. दोनच माणसे असतील तर कायद्याच्या भाषेत ती ही गॅरंटी नव्हे.

समजा, ओळखीचा एक तरुण भिवंडीच्या व्यापाऱ्याकडून दोन लाखांचे कापड उधारीवर उचलू पाहतो. व्यापारी त्याला ओळखत नाही, आपल्याला ओळखतो. आपण फोनवर सांगतो, "द्या त्याला माल. त्याने नाही दिले तर मी देईन." झाली गॅरंटी! कागद नाही, शिक्का नाही, तरीही झाली. कारण कलम १२६ प्रमाणे गॅरंटी लेखी असू शकते तशी तोंडीही असू शकते. आपल्याला या सौद्यात एक पैसा मिळाला नाही, असे म्हणूनही सुटका होत नाही. कलम १२७ प्रमाणे मूळ ऋणकोला त्या वचनामुळे लाभ झाला, एवढे पुरते.

आता सर्वात महत्त्वाचे कलम १२८. करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. बरेच बंधू असे समजतात की आधी कर्जदाराकडून वसुली होईल, त्याचे सर्व विकले जाईल आणि काही उरलेच तर आपली पाळी येईल. हा समज चुकीचा आहे. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात स्पष्ट केले की धनकोने आधी मूळ कर्जदाराच्या मागे लागून थकले पाहिजे, अशी सक्ती नाही. तो सरळ जामीनदाराच्या दारात येऊ शकतो.

जामीनदारालाही काही हक्क आहेत, तेही माहीत असावेत. एकाच सौद्यासाठी नव्हे तर चालू खात्यासाठी गॅरंटी दिली असेल, तर पुढच्या व्यवहारांपुरती ती नोटीस देऊन मागे घेता येते (कलम १३०). झालेल्या व्यवहारांची जबाबदारी मात्र राहते. धनको आणि ऋणको यांनी जामीनदाराला न विचारता कराराच्या अटी बदलल्या, तर त्या बदलानंतरच्या व्यवहारांतून जामीनदार मोकळा होतो (कलम १३३). त्याने कर्ज फेडले, तर धनकोचे सर्व हक्क त्याच्याकडे येतात आणि मूळ ऋणकोकडून तो आपली रक्कम मागू शकतो (कलम १४० आणि १४५). परंतु बँकांच्या छापील फॉर्ममध्ये यांतले काही हक्क आपण सोडत आहोत, असे कलम पुष्कळदा घातलेले असते. म्हणून फॉर्म घरी आणून, जाणकाराकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नये.

वॉरंटी : दोघांमधला शब्द

वॉरंटीत तिसरा माणूस लागत नाही. विकणारा घेणाऱ्याला स्वतःच्या मालाविषयी जो शब्द देतो, ती वॉरंटी. यासाठी १९३० चा मालविक्री कायदा आहे. त्याच्या कलम १२ मध्ये विक्रीतील शब्दांचे दोन प्रकार केले आहेत. सौद्याच्या मुळाशी असलेला शब्द म्हणजे 'कंडिशन', आपण त्याला मुख्य अट म्हणू. मुख्य सौद्याच्या बाजूने दिलेला शब्द म्हणजे 'वॉरंटी'. मुख्य अट मोडली तर घेणारा सौदाच नाकारू शकतो. वॉरंटी मोडली तर नुकसानभरपाई मागता येते, पण माल नाकारता येत नाही.

म्हणजे लक्षात घ्या, आपण 'वॉरंटी' हा भारी शब्द समजतो, पण विक्रीच्या कायद्यात तो दोन्हींतला हलका शब्द आहे. मात्र याच कलमात एक शहाणपणाची गोष्टही आहे. करारात एखाद्या शब्दाला वॉरंटी म्हटले असले तरी तो खरोखर मुख्य अट असू शकतो. काय नाव दिले यापेक्षा काय ठरले होते, हे पाहिले जाते. तेव्हा कापडाच्या काठावर 'गॅरंटी' छापले म्हणून ते करार कायद्यातले गॅरंटीपत्र होत नाही. तो कारखान्याने रंगाविषयी दिलेला शब्द आहे. दुकानात 'गॅरंटी म्हणजे बदलून मिळणार, वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून मिळणार' असे जे सांगितले जाते, तो बाजाराचा रिवाज आहे. कायद्याने असा नियम केलेला नाही. कार्डावर किंवा बिलावर जे लिहिले आहे तेच प्रथम पाहावे.

कात्री लावण्याआधी

कापडाच्या धंद्यात बहुतेक माल नमुना पाहून विकला जातो. मालविक्री कायद्याचे कलम १७ यासाठीच आहे. नमुना दाखवून विक्री झाली, तर तीन गोष्टी आपोआप मुख्य अटी बनतात. पहिली, सगळा माल नमुन्यासारखा असला पाहिजे. दुसरी, घेणाऱ्याला माल नमुन्याशी ताडून पाहण्याची वाजवी संधी मिळाली पाहिजे. तिसरी, नमुना नीट पाहूनही दिसली नसती अशी, माल विकण्यालायक न ठेवणारी छुपी खोट त्यात असता कामा नये.

म्हणजे पन्नास ताके नमुन्याप्रमाणे ठरले आणि पन्हा कमी निघाला किंवा विणीत फरक पडला, तर घेणारा माल नाकारू शकतो. पण कधीपर्यंत? येथे आपले लोक नुकसान करून घेतात. कलम ४२ प्रमाणे माल स्वीकारला असे सांगितले, किंवा मालकासारखे त्या मालाचे काही केले, किंवा वाजवी वेळ उलटून गेली तरी नाकारतो असे कळवले नाही, तर माल स्वीकारला असे धरले जाते. ताक्याला कात्री लावली, माल पुढे विकला, की नाकारण्याचा हक्क साधारणपणे गेला. त्यानंतर कलम १३ प्रमाणे मोडलेली मुख्य अटसुद्धा वॉरंटी मोडल्यासारखी धरली जाते. मग कलम ५९ प्रमाणे किंमत कमी करून मागता येते किंवा भरपाई मागता येते, पण माल परत करता येत नाही.

माल नाकारायचा असेल तर तो स्वतःच्या भाड्याने परत पाठवलाच पाहिजे, असेही नाही. कलम ४३ प्रमाणे 'आम्ही हा माल नाकारतो' असे विकणाऱ्याला कळवणे पुरेसे आहे. हे कळवणे लेखी असावे, म्हणजे उद्या वाद राहत नाही.

फिकहमध्येही हेच

आपल्या बंधूंना असे वाटू नये की ही सगळी इंग्रजांची आणलेली गुंतागुंत आहे. आपल्या फिकहच्या ग्रंथांत हे मसले शेकडो वर्षांपूर्वी आलेले आहेत. मालात ऐब निघाला तर घेणाऱ्याला जो अधिकार मिळतो, त्याला 'खियार-ए-ऐब' म्हणतात. हनफी फिकहच्या 'हिदाया' या प्रसिद्ध ग्रंथाचे लेखक अल्लामा मरगीनानी यांचे निधन हिजरी ५९३ मध्ये झाले. त्या ग्रंथात कापडाचाच मसला आहे. घेणाऱ्याने कापड कापले आणि नंतर त्यात ऐब दिसला, तर ऐबामुळे कमी झालेली किंमत तो विकणाऱ्याकडून घेऊ शकतो. म्हणजे कात्री लावण्याआधी परत करण्याचा हक्क आणि कात्री लावल्यानंतर भरपाईचा हक्क. १९३० चा कायदा आणि हिदाया येथे एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात, कारण दोन्हींचा हेतू एकच आहे : कोणावर अन्याय होऊ नये.

इमाम अबू हनीफा (रह.) स्वतः कूफा शहरात रेशमी कापडाचा व्यापार करीत. त्यांच्या चरित्रात सांगितले जाते की त्यांनी आपल्या भागीदाराला माल दिला आणि एका कापडात ऐब आहे, विकताना ते गिऱ्हाइकाला सांगावे, असे बजावले. भागीदार सांगायला विसरला आणि गिऱ्हाईक कोण होते तेही त्याला आठवेना. इमाम साहेबांनी त्या मालाची सारी रक्कम सदका करून टाकली. त्यांनी कोठे वॉरंटी कार्ड दिले नव्हते, आणि कोणी तक्रारही केली नव्हती. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतली ओल पाहतात आणि विकणाऱ्याला जाब विचारतात, ही सहीह मुस्लिममधील हदीस तर आपल्या सर्वांना ठाऊक आहे. भिजलेले धान्य वर ठेवायला हवे होते, म्हणजे लोकांना दिसले असते, अशी ती शिकवण आहे. कापडाच्या ताक्यालाही ती तितकीच लागू आहे. डाग असलेली घडी आत आणि चांगली घडी वर, हे त्या राशीसारखेच झाले.

जामीन राहण्याला फिकहमध्ये 'कफालत' म्हणतात. एका मयतावर कर्ज होते म्हणून प्रेषितांनी (स.) त्याची जनाज्याची नमाज पढवली नाही. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज आपल्या शिरावर घेतल्यावर पढवली, असे हदीसमध्ये आले आहे. यातून दोन गोष्टी कळतात. बांधवासाठी जामीन राहणे ही मोठी नेकी आहे. आणि जामीन राहणे म्हणजे ते कर्ज आपले समजणे आहे, ती नुसती ओळख पटवणे नव्हे. ज्याची ती रक्कम फेडण्याची ऐपत नाही त्याने केवळ भिडेपोटी सही करू नये. बहुतेक फुकहांच्या मते जामीन राहण्याबद्दल मोबदला घेणे योग्य नाही. व्याजी कर्जाला जामीन राहण्याविषयी आपापल्या आलिमांना विचारावे.

कारागीर आणि गिऱ्हाईक

आता ग्राहक कायद्याकडे येऊ. सध्याचा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा असून तो जुलै २०२० पासून लागू झाला. पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा व्यापारी या कायद्यात 'ग्राहक' नाही. त्याला मालविक्री कायद्याचाच आधार घ्यावा लागतो. पण एखाद्या कारागिराने केवळ स्वतःचे पोट भरण्यासाठी, स्वतः चालवण्यासाठी शिलाई मशीन, जरीचे यंत्र किंवा कटिंग मशीन घेतले, तर तो ग्राहक धरला जातो. वॉरंटीच्या मुदतीत मशीन बिघडले आणि विकणारा दाद देत नसेल, तर तो जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. आपल्या मोहल्ल्यांतील किती शिंप्यांना, किती भगिनींना हे माहीत आहे? वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख घालून घेतली नाही म्हणून हजारो रुपयांच्या मशीनची दुरुस्ती पदरच्या पैशाने करणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत.

दुकानदारांनीही दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, पुरेशी चाचणी न करता लोकांना टिकाऊपणाची किंवा गुणाची गॅरंटी किंवा वॉरंटी देणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. चाचणी केली होती हे सिद्ध करण्याचा भार विकणाऱ्यावर असतो. म्हणून 'रंग गेल्यास पैसे परत' अशी पाटी लावण्याआधी तो रंग स्वतः पाहावा. दुसरी, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असे बिलावर छापून सदोष मालाच्या जबाबदारीतून सुटका होत नाही. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे, हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे. मात्र हे सदोष मालाबद्दल आहे. गिऱ्हाइकाचे मन बदलले किंवा घरच्यांना रंग पसंत पडला नाही, एवढ्याने हे लागू होत नाही.

बँकेची गॅरंटी आणि सरकारची गॅरंटी

शाळेच्या गणवेशासारखी मोठी सरकारी ऑर्डर घेताना 'बँक गॅरंटी' मागतात. येथे बँक आपल्यासाठी जामीन राहते. काम नीट झाले नाही असे म्हणून समोरच्याने गॅरंटीतील शब्दांप्रमाणे मागणी केली की बँक पैसे देते आणि आपल्याकडून वसूल करते. आपला वाद खरा असला तरी बँक थांबत नाही. कोर्टही उघड फसवणूक किंवा भरून न येणारा अन्याय असेल तरच ते थांबवते. म्हणून ऑर्डर घेताना गॅरंटीची रक्कम, तिची मुदत आणि मागणी कोणत्या कारणाने होऊ शकते, हे शब्द तपासून घ्यावेत.

लहान उद्योगांसाठी केंद्र सरकार आणि सिडबी यांनी २००० साली क्रेडिट गॅरंटीचा ट्रस्ट काढला. त्यामुळे तारण न देता कर्ज मिळणे काहींना सोपे झाले. पण येथेही शब्दाचा गैरसमज होतो. ही गॅरंटी बँकेला दिलेली आहे, आपल्याला नव्हे. कर्ज बुडाले तर बँकेचे नुकसान काही प्रमाणात भरून येते, आपले कर्ज माफ होत नाही. ते आपल्याच डोक्यावर राहते. 'सरकारची गॅरंटी आहे, काळजी नको' असे सांगणाऱ्या दलालांपासून सावध राहावे.

काय करावे?

१) नमुन्यावर सौदा झाला की नमुन्याचा तुकडा दोन भागांत कापून, दोघांच्या सह्या आणि तारीख घालून एकेक भाग ठेवावा.

२) माल आल्यावर ताके उघडून पन्हा, लांबी, वीण आणि रंग पाहावा. फरक असेल तर कात्री न लावता त्याच दिवशी लेखी कळवावे.

३) रंगाचा शब्द देण्याआधी तुकडा साबणाच्या पाण्यात भिजवून पांढऱ्या कापडावर घासावा. एक मीटरची खूण करून, धुऊन वाळवून पुन्हा मोजावे. ९७ सेंटीमीटर भरले तर कापड तीन टक्के आटते, हे गिऱ्हाइकाला सरळ सांगावे.

४) बिलावर 'गॅरंटी' एवढा एकच शब्द लिहू नये. कशाची, किती दिवसांची आणि खोट निघाल्यास बदलून देणार, दुरुस्त करणार की पैसे परत करणार, हे लिहावे.

५) यंत्र घेताना बिल आणि शिक्का मारलेले वॉरंटी कार्ड दोन्ही घ्यावेत आणि सांभाळून ठेवावेत.

६) "माझ्या जबाबदारीवर द्या" हे वाक्य बाजारात सहज बोलू नये. नुसती ओळख द्यायची असेल तर "मी याला ओळखतो, व्यवहार तुम्ही आपला पाहून करा" असे सांगावे. जामीन राहायचेच असेल तर रक्कम आणि मुदत ठरवून, लिहून राहावे.

पवित्र कुरआनने सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचे देणे लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार करण्याची आज्ञा दिली आहे. लिहिणे म्हणजे बांधवावर अविश्वास दाखवणे नव्हे. उलट नाती आणि धंदा दोन्ही टिकवण्याचा तो मार्ग आहे.

इंग्रजांच्या काळातील गॅझेटियरमध्ये आपल्या पनवेलविषयी नोंद आहे की येथील बैलगाडीच्या चाकांचा उद्योग मोठा होता आणि ती चाके घ्यायला देशावरचा शेतकरी उत्सुक असे. त्या चाकांबरोबर छापील कार्ड मिळत नव्हते. पनवेलचे चाक एवढे नाव पुरेसे होते. आज कार्ड आहे, कायदा आहे, आयोग आहे आणि त्यांचा उपयोग केलाच पाहिजे. पण कागदावरचा शब्द आणि पुडक्यातला माल एकसारखा ठेवण्याचे काम आपले आहे. तो शब्द आपण समजून द्यावा आणि दिला की पाळावा. अल्लाह आपणा सर्वांच्या रोजीत बरकत देवो. आमीन.